जोडफोटो

कमलाक्षी धारगळहून निघाली ती दोन जड पिशव्या घेऊन. एकीत अळसांदे, म्हणजे गावठी चवळी, वालीच्या शेंगांच्या जुड्या आणि दोन चिबडं. दुसरीत भावाच्या नव्या घरातल्या देवासाठी घेतलेली पितळेची समई, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. हमरस्त्याच्या कडेला तिचं भाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब आणि वर झावळ्या. ते नवऱ्याच्या, शांतारामच्या, हवाली करून ती म्हापसा आणि डिचोली अशा गाड्या बदलत पाळीला आली. वाटेत शेजारच्या बाईला दोनदा तरी सांगून झालं होतं, "माझ्या भावाची वास्तुशांत. स्लॅबचं घर बांधलंय. आणि पुढच्या महिन्यात लग्न."

आनंद व्हावा अशीच गोष्ट होती. त्याच जागेवर त्यांची आई, रुक्मिणी, मातीच्या एका खोलीत राहिली होती. खाणीवर टोपल्यांनी मातेरं वाहून तिनं कमलाक्षीला आणि गोकुळदासाला वाढवलं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. गोकुळदासाचा आता स्वतःचा टिप्पर होता, दारात उभा असायचा, लाल धुळीनं माखलेला. डिचोलीच्या कापडवाल्या अनंतबाबांची मुलगी विमला त्याला सांगून आली होती, आणि ती मंडळी आज दुपारी घर बघायला आणि जेवायला यायची होती.

कमलाक्षी आत शिरली. पुढच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, नव्या चुन्याचा वास होता. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीतला मोठा रंगीत फोटो होता, त्याला अबोलीचा हार. फोटोत एक जोडपं खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलं होतं. पुरुष कोटातला, मिशीवाला. बाई गोरीपान, गोल गालांची, कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, कानात कुड्या.

"हे कोण?" तिनं मनाशी म्हटलं. विमलाचे आजी-आजोबा असावेत असं तिला वाटलं. मग तिची नजर बाईच्या डोळ्यांवर गेली. ते डोळे सरळ तिच्याकडे बघत होते, जरासे रागानंच. असं बघणारी एकच बाई तिनं जन्मात पाहिली होती.

ती तिची आई होती. आणि शेजारी बसला होता तो यशवंत, तिचा बाप.

कमलाक्षीनं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. हातात धरूनच ती उभी राहिली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

*

यशवंत मूळचा बांद्याकडचा. गोवा मुक्त व्हायच्या आधी खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला, मागाहून बायकोला घेऊन आला. तीन मुलं झाली: कमलाक्षी, सगुण आणि शेंडेफळ गोकुळदास. मुक्तीनंतर दोन-तीन वर्षांतच तो हरमलला कुणाचा तरी ट्रक चालवायला म्हणून गेला आणि तिथंच एका बाईच्या घरी राहिला. पुढं परदेशी लोक किनाऱ्यावर यायला लागले तेव्हा त्यांना खोल्या भाड्यानं देऊन त्याचं बरंच बस्तान बसलं. पाळीला मात्र तो परत आला नाही. एक पोस्टकार्डसुद्धा आलं नाही.

रुक्मिणीनं सुरुवातीला वाट बघितली. "येतलो, कामात आसतलो," असं शेजारणींना सांगत राहिली. मग सगुण तापानं आजारी पडला. नऊ वर्षांचं पोर, दिवसेंदिवस अंथरुणाला चिकटलेलं, आणि तापाच्या भरात एकच घोकायचं: "बाबा इलो? बाबा इलो?" रुक्मिणीनं आपल्या भावाला, धाकूमामाला, हरमलला पाठवलं. त्या काळी ते जाणं सोपं नव्हतं. बस, मग शिवोलीला होडीनं नदी, मग पायी. धाकूमामा यशवंताला भेटला. यशवंत म्हणाला, "तू हो फुडे. मी पाठोपाठ येतंय."

तो आला नाही. सगुण गेला. रुक्मिणीनं संध्याकाळपर्यंत मयत उचलू दिलं नाही. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की उठून दारात जायची. अंधार पडायला लागला तेव्हा लोकांनी समजूत घातली आणि धाकूमामानं अग्नी दिला.

दिवसपाणी उरकल्यावर रुक्मिणी विहिरीवर गेली. घागरभर पाणी काढलं, कपाळ घासून धुतलं, गळ्यातला काळा पोत तोडला आणि घरी येऊन म्हणाली, "माझो घोव मेलो."

बायकांनी तोंडात पदर कोंबले. नवरा हरमलला धडधाकट जिवंत आणि ही कपाळ पुसून बसते! भटजीनं समज दिली, शेजारणींनी शाप दिले. एकीनं तर जबरदस्तीनं कुंकू लावायला हात पुढं केला, तिचा हात रुक्मिणीनं असा पिरगळला की ती आठवडाभर दळू शकली नाही. त्यानंतर कुणी वाटेला गेलं नाही. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. रुक्मिणी बोडक्या कपाळानं खाणीवर जाऊ लागली.

आईचा एकुलता एक फोटो त्याच वर्षीचा. खाणीवर कार्डासाठी फोटो हवा होता म्हणून रुक्मिणी साखळीच्या बाजारात गेली, बरोबर कमलाक्षी होती. फोटोवाल्यानं आरशाखालची कुंकवाची डबी पुढं केली आणि म्हणाला, "लावा बाई, तसं बरं नाही दिसत." रुक्मिणी म्हणाली, "आसा तसो काढ." कार्डापुरता लहान फोटो लागणार होता, पण तिनं त्याच फोटोची एक मोठी प्रतही मागितली. आयुष्यात तिनं हौसेनं केलेल्या गोष्टी थोड्या, त्यातली ही एक. लाकडी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसलेली, एक हात गुडघ्यावर, काळीसावळी, गालफडं वर आलेली, आणि कपाळ मोकळं. तो फोटो तिच्या ट्रंकेत राहिला. दुसरा फोटो तिचा कधी निघालाच नाही.

*

गोकुळदास स्वयंपाकघरात आचाऱ्याला काही सांगत होता. नवं धोतर, खांद्यावर उपरणं. बहिणीला बघून त्याचा चेहरा फुलला, आणि तिचा चेहरा बघून लगेच उतरला.

"बाय, आता काय बोला नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माणसां येतली आता."

"त्या माणसाचो फोटो खयसून हाडलंस?"

"मगे सांगतंय."

"आत्ता सांग."

आचारी भांडी घेऊन मागल्या दारानं बाहेर गेला. तो शहाणा होता.

"हरमलसून," गोकुळदास म्हणाला.

"तू हरमलाक गेल्लंस?"

"जायत होतंय. आधीपासून." त्यानं नजर चुकवली. "अठरा वर्षांचो होतंय तेव्हा पयल्यांदा गेलंय. तेका सांगलंय, मी गोकुळदास. तेना माका बसयलो, चाय दिली. मगे मधी मधी जायत होतंय. आयेक सांगलंय नाय, तुकाय सांगलंय नाय."

कमलाक्षीनं पिशव्या खाली ठेवल्या. "आणि दोन वर्षांपूर्वी तो मेलो तेव्हा?"

"गेल्लंय. तेका दोनय चेडवा. झिल नाय. अग्नी मी दिलंय."

दोन वर्षांपूर्वी. तेव्हा आई जिवंत होती. म्हणजे आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि तिचा मुलगा हरमलला जाऊन त्या माणसाला अग्नी देऊन, अंघोळ करून, घरी येऊन तिच्या हातची भाकरी खाऊन निजला होता.

"आणि आमच्या सगुणाक?" कमलाक्षी म्हणाली. "सगुणाक अग्नी कोणी दिल्यान, ठावक आसा तुका?"

"माका सगुण आठवणा नाय, बाय!" आता त्याचाही आवाज चढला. "मी चार वर्षांचो होतंय. माका कोणच आठवणा नाय. तुका निदान बाबा आठवता. आठवता म्हणान तू रागावतंस. माझ्याकडे रागावूकसुद्धा काय नाय. शाळेत पोरां काय म्हणत, म्हायत आसा? तुझो बापूस जितो, मगे तुझी आवस बोडकी कशी रे? मी काय सांगतलो? तिना आपला कपाळ पुसल्यान. पण तेच्यावांगडा आमचाय पुसल्यान!"

लहानपणी हा शाळेतून रडत यायचा, हे कमलाक्षीला ठाऊक होतं. का रडतो ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. पण दया येता येता तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं ते लाल कुंकू आलं.

"तुका बापूस होयो होतो, तर तेचो एकट्याचो लाव," ती म्हणाली. "तिका कित्याक बसयलंस तेच्या बाजूक? ती जिती आसती तर बसली आसती?"

गोकुळदासानं दोन्ही हात जोडले. "बाय, अनंतबाब घरंदाज माणूस. तेंच्या घरात फोटो बघून माणसाची परीक्षा करतत. आजचो दीस जाव दे. पाया पडतंय तुझ्या."

तो खरंच वाकायला लागला. धाकट्या भावाला तिनं कडेवर वाढवलं होतं, आई खाणीवर गेली की भरवलं होतं, निजवलं होतं. त्यानं असं पाया पडावं आणि तेही आज, वास्तूच्या दिवशी, हे तिला सोसलं नाही.

"बोलूचंय नाय," ती म्हणाली. "पण त्या सालात माका बोलवू नको."

आणि ती खोबरं किसायला बसली. राग आला की कमलाक्षीचे हात भराभर चालत. त्या दिवशी तिनं एकटीनं साऱ्या जेवणाचं खोबरं किसलं.

*

डिचोलीची मंडळी आली. अनंतबाब, त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, एक म्हातारी आत्या आणि आणखी चार-पाच जण. होम झाला, आरती झाली. स्वयंपाकघरातून कमलाक्षीला सगळं ऐकू येत होतं. भटजी म्हणाले, "आता आईवडिलांना नमस्कार करा." गोकुळदास फोटोपुढं वाकला असणार, कारण सगळे गप्प झाले. मग अनंतबाबांचा आवाज आला, "वा. लक्ष्मीनारायणाचा जोडा!"

कमलाक्षीनं दात आवळले. किसणीवर बोट कापलं ते तिला कळलं नाही.

मग आत्याबाईंचा थरथरता आवाज आला. "आई अहेवपणी गेली की काय रे?"

आणि मग गोकुळदास म्हणाला, "होय. आई आधी गेली, अहेवपणी. बाबा मागनं गेले."

कमलाक्षी उठली. उठताना तिनं ठरवलं वगैरे काही नव्हतं. रक्ताळलेलं बोट पदरात गुंडाळून ती सालात गेली, लोक बसले होते त्यांच्यामधून वाट काढत भिंतीपाशी पोचली, एक कदेल ओढली, तीवर चढली आणि हारासकट फोटो खाली उतरवला.

"बाय!" गोकुळदास ओरडला.

"खोटं आहे," कमलाक्षी म्हणाली. पाहुण्यांशी ती शुद्ध मराठीत बोलायला गेली, पण दोन वाक्यांत घरचीच बोली तोंडात आली. "माझी आई अहेवपणी गेली नाही. ह्या माणसाना तिका तीन पोरांवांगडा टाकून हरमलाक दुसरा घर केल्यान. माझो भाव मरताना बाबा बाबा करी होतो, तरी हो इलो नाय. तेचे दीस झाल्यावर माझ्या आयेन कुकू पुसल्यान, तां मरापर्यंत लावल्यान नाय. तिका सगळ्या गावान शिवी दिल्यान, तरी लावल्यान नाय. आणि ह्यो बघा, मेल्यावर तिका धरून लावलेला! गोरी केल्यानी. गाल भरल्यानी. तिच्या जन्माचो रागच पुसून टाकल्यानी. नमस्कार करूचो आसलो तर तिका करा. तेका नको."

भटजी ताम्हनातलं पाणी उगाच ढवळायला लागले. गोकुळदास पुढं आला, त्यानं फोटो तिच्या हातातून हिसकावला आणि छातीशी धरला, काच आत आणि पाठ बाहेर अशी.

"माझ्या घरातसून चालती हो," तो म्हणाला.

"चल्लंय," ती म्हणाली. "तुझ्या घराक आग लागो असा मी म्हणाचंय नाय. आयेची जागा ही. पण तू सांगलंस ता आयेन आयकल्यान आसतला तर तुझ्या थोबाडीत दिली आसती."

ती पडवीत येऊन चपला शोधायला लागली. नव्या घराच्या पडवीत इतक्या चपला होत्या की तिला आपली जोडी सापडेना. इतक्यात मागून पार्वतीबाई आल्या, विमलाच्या आई. जाड भिंगांचा चष्मा, साधं सुती लुगडं.

"कमलाक्षीबाय, जेवून जा," त्या म्हणाल्या.

"नको. तुमची सोयरीक मोडली असेल तर मला माफ करा. पण मला राहवलं नाही."

"सोयरीक कशाला मोडेल?" पार्वतीबाईंनी चष्मा पुसला. "हरमलचं आम्हांला पहिल्यापासून ठाऊक आहे. चौकशी केल्याशिवाय का कोण मुलगी देतं? डिचोलीच्या निम्म्या बाजाराला ठाऊक आहे. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, आईला सांभाळली. आम्हांला आणखी काय हवं?"

कमलाक्षी त्यांच्याकडे बघत राहिली. "मग अनंतबाब लक्ष्मीनारायणाचा जोडा कशाला म्हणाले?"

"आता काय म्हणायचं होतं?" पार्वतीबाई म्हणाल्या, आणि त्या खरंच गोंधळल्यासारख्या दिसल्या. "भिंतीवर लावलंय, हार घातलाय. माणूस बरंच बोलणार."

ऐकून कमलाक्षीचा राग ओसरायला हवा होता. उलट तो वाढला. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. भटजीला, शेजाऱ्यांना, ह्या घरंदाज माणसांना. ज्यांनी रुक्मिणीला बोडकी म्हणून दारात उभं केलं नाही तेच लोक आज हात जोडून रांगेत उभे होते, कारण आता तिच्या कपाळावर रंग होता. त्या माणसाच्या कपाळावर काय होतं ते कुणी कधी बघितलं नव्हतं.

"तुम्ही जेवा," ती म्हणाली. तिला चपला सापडल्या.

*

डिचोलीला गाडी बदलताना तिला स्टुडिओची पाटी दिसली. फोटोच्या कोपऱ्यात छापलेलं नाव तिनं वाचलं होतं, तेच. ती रस्ता ओलांडून आत गेली.

आत विठ्ठल नावाचा पन्नाशीचा माणूस लहान मुलीच्या फोटोला पेन्सिलीनं भुवया काढत बसला होता. भिंतीवर त्याच्या हातचे जोडफोटो ओळीनं लावले होते. मेलेले नवरे आणि जिवंत बायका, मुंबईत राहणारे मुलगे आणि गावातले म्हातारे, सगळे एकाच पडद्यापुढं, एकाच उजेडात.

"पाळीच्या गोकुळदासाचं काम तुम्ही केलंत?"

"होय तर!" विठ्ठल खूश झाला. "कसं वाटलं? आईंचा फोटो फार जुना होता बाई. डाग पडलेले, चेहरा काळवंडलेला. अर्धं आयुष्य ह्या कामात गेलं म्हणून जमलं."

"काळवंडलेला नव्हता. ती काळीच होती."

विठ्ठलाचं हसू अडखळलं.

"आणि कपाळ? कपाळ मोकळं होतं ते दिसलं नाही तुम्हांला?"

"दिसलं ना. म्हणूनच भरलं." तो मनापासून सांगत होता. "नवरा शेजारी बसलाय आणि बायकोचं कपाळ मोकळं, असं कसं चालेल? गोकुळदासानं काही सांगितलं नव्हतं. मीच विचारलं, तर म्हणाला, घाला. मी चांगलं करायलाच बसलोय बाई. वाईट करून घ्यायला इथं कोण येत नाही."

"मूळ फोटो कुठं आहे?"

तो उठला. बराच वेळ कपाटात शोधल्यावर त्यानं एक पुठ्ठा काढून तिच्यापुढं धरला, आणि तो धरतानाच त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण त्यानं नजर खाली घातली.

पुठ्ठ्यावर आई होती. कात्रीनं कापलेली. कदेल नाही, मागची भिंत नाही. डोक्याभोवतीच्या केसांसकट, खांद्यांवरून, कोपरांवरून कापत कापत ती आकृती वेगळी काढली होती आणि यशवंताच्या शेजारी चिकटवली होती. गुडघ्यावरचा हात मनगटाशीच तुटला होता, कारण तिथं यशवंताच्या कोटाची बाही यायची होती. गळ्यात पांढऱ्या-काळ्या रंगानं काढलेले मणी. कपाळावर करडा ठिपका.

"हा तोच?" कमलाक्षीनं विचारलं. "ह्याची कॉपी नाही काढलीत आधी?"

"जोडायचं तर कापावंच लागतं," विठ्ठल पुटपुटला. "मग त्याचा परत फोटो काढतो, त्यावर रंग. मूळ कुणी परत मागत नाही, बाई. नवा मिळाल्यावर जुना कशाला कोण मागेल?"

"आमच्याकडे तिचा दुसरा नव्हता."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत? कुंकू घालू का म्हणून विचारलंत. कापू का म्हणून विचारलंत?" तिचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा पोदेर पावाची सायकल थांबवून आत डोकावला. "चांगलं करतो म्हणे! तिनं स्वतःच्या हातानं केलेली जन्मातली एकच गोष्ट होती ती. तुम्हां सगळ्यांना तीच खुपली!"

"आणा इकडे," विठ्ठल म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "मी बाजूला काढून, मागं नवी पार्श्वभूमी देऊन..."

"हात लावू नका," कमलाक्षी म्हणाली. "आता तिला पुरे झालं चांगलं करून."

पुठ्ठा काखेत मारून ती बाहेर पडली.

*

धारगळला आल्यावर तिनं शांतारामला सगळं सांगितलं. शांताराम कमी बोलणारा. ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "पाण्यानं सुटेल का बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तिनं पुठ्ठा ओल्या फडक्यावर ठेवला. खळ भिजली तशी आईच्या आकृतीची कड उचलली गेली. नखानं, सुरीच्या पाठीनं तिनं ती हळूहळू सोडवली. यशवंत पुठ्ठ्यावर एकटाच राहिला. तो तिनं फाडला नाही, चुलीत घातला नाही. सामानाच्या कागदांत टाकला आणि विसरली. मग ओल्या कापसानं आईच्या गळ्यातले मणी पुसले. ते लगेच गेले. कपाळावरचा ठिपका मात्र जाईना. जोर केला तर खालचा फोटोच उतरेल, अशी भीती. पुसत, थांबत, फुंकर घालत तिनं तो बराच काढला. तरी थोडी सावली राहिलीच, नीट बघितल्यावर दिसणारी. ती त्या सावलीकडे बघून पुन्हा रागावली. भावावर, विठ्ठलावर, आणि आपल्या हातांवरसुद्धा. मग कोऱ्या कागदावर ती कापलेली आकृती ठेवून तिनं काच लावून घेतली.

लग्नाचं बोलावणं गोकुळदासानं टिप्परच्या क्लीनरहाती पाठवलं. स्वतः आला नाही. कमलाक्षी लग्नाला गेली. ती गेली नसती तर आईच्या बाजूचं तिथं दुसरं कोण होतं? मांडवात तिनं विमलाला ओवाळलं, अक्षता टाकल्या. भावानं तिच्या पायांना हात लावला तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला. दोघं बोलली नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी दुकानापुढं स्कूटर थांबली. मागं विमला, पुढं गोकुळदास. विमला उतरून आत आली. गोकुळदास रस्त्यावरच स्कूटरला टेकून उभा राहिला.

"वन्स, तुम्ही स्टुडिओतून आणलात तो सासूबाईंचा फोटो मला बघायचा आहे," विमला म्हणाली. "घरातला आम्ही काढून ठेवला. भिंतीवर नुसता खिळा आहे."

"कोणी काढला?"

"त्यांनीच. कपाटात ठेवलाय. फेकला नाही."

कमलाक्षीनं रस्त्याकडे बघितलं. भाऊ जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांकडे बघत होता.

ती आत गेली, फोटो आणला आणि विमलाच्या हातात दिला. विमला बराच वेळ बघत राहिली. पदराच्या टोकानं काच पुसली, पुन्हा बघितलं.

"केवढ्या रागानं बघताहेत," ती म्हणाली. "हात कुठं गेला?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"फोटो जोडून घेतला ते त्यांनी मला सांगितलं. पण त्यांना मागचं काहीच माहीत नाही. कुंकू कसं पुसलं, सगुणभावजी कसे होते, काहीच. म्हणाले, बाय तुला सांगेल, मला नाही सांगायची."

कमलाक्षीनं वालीच्या शेंगांची टोपली पुढं ओढली आणि एक बैठक विमलाकडे सरकवली. राग अजून होता. तो जाणार नव्हता, आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं. तिनं शेंगा मोडायला घेतल्या आणि बोलायला सुरुवात केली, एरवी ती विमलाशी बोलली असती त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, रस्त्यापर्यंत जाईल अशा.

"सगुण तुझ्या नवऱ्याक खांद्यार घेवन फिरी," ती म्हणाली. "आयेन दिलेलो उंडो पाव आपण खाय नाय, अर्धो ह्याका देय. हो दांडगो. अर्धो खाल्लो की उरलेलोय मागी."

गोकुळदास स्कूटरपासून हलला नाही. पण आता ट्रक येऊन जात होते तरी त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही.